शविताये दोनदा मेला

माझ्या बहिणीचा नवरा शविताये दोनदा मेला आणि दोन्ही वेळा त्याच्या मरणाचं भाषांतर मी केलं. तिसऱ्यांदा तो मेला तो सगळे मरतात तसा, खाटेवर. तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

भाषांतर माझ्याकडे का आलं, तर मी नावाडी होतो. खजूर भरून आस्वानला जायचं, रिकामे रांजण घेऊन परत यायचं. त्या धक्क्यावर मी ग्रीक भाषा शिकलो. शिव्या द्यायला, घासाघीस करायला आणि नाक्यावरच्या शिपायाला ‘मायबाप’ म्हणायला पुरेल एवढी. एवढ्या पात्रतेवर गावाने मला देवाचा दुभाषा केलं.

त्या वर्षी फिलेच्या बेटावरून देवी आली नाही. दरवर्षी तिथले पुजारी इसिसची मूर्ती होडीत घालून आम्हाला उसनी द्यायचे, ती काठाकाठाने फिरायची आणि परत जायची. या खेपेला देवीच्या देवळाला समुद्रापलीकडच्या सम्राटाने कुलूप घातल्याचा निरोप आला. देवीच्या जागी पफ्नूत नावाचा साधू आला. उन्हाने सोललेलं नाक, दाढीत वाळू. त्याला त्याच सम्राटाच्या बायकोने, सम्राज्ञीने, पाठवलं होतं. होडी देवीच्याच घाटाला लागली, म्हणून बायकांनी त्याला ओवाळलं. त्याला वाटलं, श्रद्धा.

तो दहा दिवस बोलला, मी दहा दिवस सांगितलं. ख्रिस्ताचा स्वभाव एकच आहे, यावर त्याचा फार भर होता. गावाचं म्हणणं पडलं, असेल बुवा, आम्ही कुठे दोन म्हणालो? अकराव्या दिवशी आमच्या राजाचा हुकूम पोचला. गावोगावच्या मुखियाने नव्या देवाच्या पाण्यात बुडालं पाहिजे, नाहीतर मुखियाच्या आसनावर बसता कामा नये. पाणी घालणारा कोण, हे राजाने लिहिलं नव्हतं. राजे बारीकसारीक गोष्टीत पडत नाहीत.

शविताये आमचा मुखिया. सिंहाचे पाय कोरलेलं लाकडी आसन त्याच्या मामाकडून त्याला आलं होतं, आणि त्याच्यानंतर ते त्याच्या बहिणीच्या मुलाला, बेकेमेला, जायचं होतं. बेकेमे चाळिशीला आला तरी वाट बघत होता आणि मामाची तब्येत रोज विचारत होता. शविताये गावात सगळ्यात पहिला असायचा. दारूचा नवा रांजण उघडला की पहिला पेला त्याचा, रहाटाचं पाणी सुटलं की पहिला पाट त्याचा. मग नवा देव आला तर पहिला कोण बुडणार?

आता आमच्या नदीच्या या वळणावर माणूस मेला की काय करतात, ते साधूला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. मेलेल्याला आम्ही नदीवर नेतो, तीनदा बुडवतो, पांढरं कोरं नेसवतो आणि त्याला दुसरं नाव देतो, म्हणजे कोणी चुकून जुन्या नावाने रडलं तर तो मागे वळून बघत नाही.

पफ्नूत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. त्याने शवितायेला तीनदा बुडवलं. काठावर आणून पांढरं कोरं नेसवलं. मग हात वर करून ओरडला, आणि मी त्याच्यामागोमाग आमच्या भाषेत ओरडलो, “आज जुना माणूस मेला! याचं नाव पेत्रोस!”

धक्क्यावर शिकलेल्या भाषेत मेल्याला दुसरा अर्थ नव्हता.

मग बायकांनी हंबरडा फोडला. कोणी छाती बडवून घेत होतं, कोणी डोक्यात माती घालत होतं. त्याच्यामागून बुडायला पाण्याकडे निघालेली रांग मागच्या मागे विरघळली. साधूच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघ, केवढा हा पश्चात्ताप!” तो मला म्हणाला.

मी हो म्हणालो. पाहुण्याला कशाला खोटं पाडायचं?

शविताये अजून कानातलं पाणी झाडत होता, तोवर बेकेमे वर गेला, आसनावर बसला आणि डोळ्याला उपरणं लावून म्हणाला, “मामा, फार लवकर गेलात हो.”

माझी बहीण लपखी रडली नाही. ती घरी गेली, नवऱ्याचा दारू प्यायचा मातीचा पेला आणला, उंबरठ्यावर आपटून फोडला, केसांतलं एरंडेल पुसलं, स्वतःची खाट डोक्यावर घेतली आणि माझ्या दारात आली. आमच्यात विधवेने हेच करायचं असतं. पेला फोडायचा आणि माहेरी यायचं. चाळीस दिवसांनी ती मोकळी.

“अक्का,” मी म्हणालो, “दाजी जिवंत आहेत.”

“कोण दाजी?”

“अगं, तिकडे उभे आहेत. शिंकताहेत.”

“मनितो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तीनदा बुडवलं, पांढरं नेसवलं, नाव बदललं. मेला म्हणून तूच बोंबललास. आता आणखी काय व्हायचं राहिलं? खाट कुठे ठेवू ते सांग.”

खाट तिने आईच्या खाटेशेजारी ठेवली. तीस वर्षांत शवितायेने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. ‘ए’ म्हणायचा. पाणी हवं असलं तरी ‘ए’ आणि घर पेटलं असतं तरी ‘ए’. त्याने मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. त्यामुळे तक्रार काय सांगणार, हा तिचा मोठाच प्रश्न होता. तो त्या दिवशी सम्राज्ञीने परस्पर सोडवला.

शविताये संध्याकाळी पंचांकडे गेला. पंच म्हणजे मुख्यतः तबिगे आजोबा. ते दोन्ही डोळ्यांनी अधू होते, पण रीतीच्या बाबतीत त्यांना फार लांबचं दिसायचं.

“आजोबा, मी मेलेलो नाही!” शविताये म्हणाला.

“सगळे असंच म्हणतात रे,” आजोबा म्हणाले.

“कोण सगळे? मेलेले बोलतात का?”

“तू बोलतोयस की.”

मी मध्ये पडलो. म्हणालो, साधूच्या बोलण्याचा अर्थ वेगळा असेल, आपण खात्री करू. आजोबांना ते पटलं. त्यांनी शवितायेला पाठमोरा उभा केला आणि हाक मारली, “पेत्रोस!”

शविताये ढिम्म. त्याला ते नाव मिळून अर्धा दिवसही झाला नव्हता.

“शविताये!”

तो गर्रकन वळला.

“बघा,” आजोबा म्हणाले. “जुन्या नावाला वळतोय. जीव अडकलाय बिचाऱ्याचा.”

बायका चार पावलं मागे सरकल्या.

पफ्नूतला विचारलं तर तो आनंदाने म्हणाला, होय, मेलाच, त्यातच तर सगळं आलं. नंतर तो पुन्हा उठलाही आहे, असंही तो म्हणाला आणि तेही मी सांगितलं. पण मेलेला माणूस उठून बसणं ही काही आमच्याकडे चांगली गोष्ट समजत नाहीत. शवितायेने राजाचा दाखला दिला. “राजापण बुडालाच ना? मग तो कसा मेला नाही?” आजोबांनी विचार करून सांगितलं की एकतर राजधानीत वेगळी रीत असेल, आणि दुसरं म्हणजे राजाचा भाचा अजून रांगतो. एवढ्यात राजा मेलेला परवडत नाही.

घर आसनाबरोबर बेकेमेकडे गेलं. शविताये रहाटाच्या छपरात बैलाशेजारी राहू लागला. त्याचे हाल झाले म्हणावं तर तसंही नाही. मेलेल्याला आम्ही जेवण ठेवतो, ते गाव ठेवू लागलं. सकाळी भाकरी, दुपारी मासा, दारूचं गाडगं. ठेवणारी बाई तोंड फिरवून म्हणायची, “गाईला दूध येऊ दे बाबा,” आणि पळायची. दोघीतिघींच्या गाईंना आलंही. जिवंत असताना त्याच्याकडे एवढी कामं घेऊन कोणी येत नसे. मेल्यापासून त्याचं पोट सुटलं.

लपखीही दर तिसऱ्या दिवशी मसुराची डाळ नेऊन ठेवायची.

“अक्का, मग तुझ्या मनात अजून आहे म्हणायचं,” मी म्हणालो.

“रीत आहे. मेलेल्याला द्यावं लागतं. जिवंत होता तेव्हाही देतच होते. फरक एवढाच, आता तो ‘ए’ म्हणत नाही.”

मी एकदा छपरात डोकावलो. शविताये वाडगा चाटूनपुसून बसला होता.

“डाळ तिची आहे,” तो म्हणाला. “मिठावरून कळतं.”

“तीस वर्षं खाल्लीत की दाजी.”

“हो. तेव्हा नाही कळलं.”

काही माणसांना एवढी गोष्ट कळायला मरावं लागतं. बाकीची मरूनही शिकत नाहीत, म्हणून मी त्याला फार नावं ठेवली नाहीत.

चाळीस दिवस झाले. लपखीने केसांना एरंडेल लावलं. मागावर बसून ती लाल काठाचं कापड विणायची आणि आईशी काहीबाही बोलून हसायची. तिचं हसणं मी तिच्या लग्नाआधी ऐकलं होतं, त्यानंतर आत्ता. पफ्नूत वरच्या गावांना निघून गेला. आमच्या गावात त्याने एकाला तारलं आणि बाकीच्यांना पाण्यापासून दूर ठेवलं, पण त्याच्या हिशेबी ते पश्चात्तापाचं गाव होतं.

मग दुसरी होडी आली.

हिच्यात निकेफोर नावाचा धर्मगुरू होता, स्वच्छ, जाडजूड, छत्रीखाली. बरोबर राजाचा कारभारी. निकेफोरला सम्राटाने पाठवलं होतं. म्हणजे एकाच महालात राहणाऱ्या नवराबायकोने आमच्याकडे दोन होड्या पाठवल्या होत्या, ती म्हणे ख्रिस्ताचा स्वभाव एक, तो म्हणे दोन. घरातलं भांडण चारचौघांत नको म्हणून त्यांनी ते आमच्या नदीवर ढकललं. आम्हाला कोणीतरी एकदाचं नक्की सांगितलं असतं तरी चाललं असतं.

होडी लागल्याचं कळताच लपखी माग सोडून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“मनितो, हा नवा म्हणतोय की आधीच्याचं पाणी खोटं. खरं का?”

“होडीवर तसं बोलत होते.”

“मग तो जिवंत ठरणार. आणि मला परत जावं लागणार.”

जिवंत नवऱ्याचं घर सोडायची आमच्याकडे रीत नाही.

“तू वेगळं सांग ना,” ती म्हणाली. “तो म्हणाला पाणी खोटं, तर तू सांग खरं. कोणाला कळणार आहे?”

“मी खोटं नाही सांगत.”

“का? देव ऐकेल?”

“देवाचं सोड. कारभाऱ्याला ग्रीक येतं.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की आस्वानच्या नाक्यावरचा शिपाई बरा. आत जाऊन ती खाटेच्या दोऱ्या आवळू लागली.

घाटावर गाव जमलं. तबिगे आजोबांनी प्रश्न टाकला, मी तो ग्रीकमध्ये केला. हा माणूस मेलाय की नाही?

निकेफोर तुच्छतेने हसला. “त्या पाखंड्याच्या पाण्याने काहीही झालेलं नाही. त्याचं फक्त अंग भिजलं.”

मी शब्दाला शब्द सांगितलं.

“ऐकलंत?” शविताये उड्या मारायला लागला. “अंग भिजलं! नुसतं अंग भिजलं!”

“मग जिवंत,” आजोबा म्हणाले. डाळीचा एक वाडगा संपवण्याएवढा वेळही त्यांना लागला नाही.

बेकेमेने तोंड वाकडं करून डोक्यावरचा मुखियाचा पट्टा मामाला दिला आणि तो आसनावरून उठला. शविताये बसला. घाटाच्या पायऱ्यांवर लपखी येऊन उभी राहिली, डोक्यावर खाट, हातात कुंभाराकडचा नवाकोरा पेला. जिवंत नवऱ्याच्या घरी फुटक्या पेल्याच्या जागी नवा न्यायचा असतो.

“उत्तम,” कारभारी म्हणाला. “म्हणजे या गावचा मुखिया अजून बुडालेलाच नाही. राजाचा हुकूम माहीत आहे ना? चला, उरकून घ्या.”

निकेफोर बाह्या सरसावून पाण्यात उतरलाही.

सगळ्यांना अर्थ उमगायला जरा वेळ लागला. पहिला उमगला बेकेमेला.

“मामा,” तो प्रेमाने म्हणाला, “उठा. आसन मी धरतो.”

आजोबांनी नीट फोड करून सांगितलं. “हे बघ शविताये. बुडालास तर मेलास, आसन भाच्याचं. नाही बुडालास तर राजाचा हुकूम मोडला, आसन तरी भाच्याचंच. आसनाचं विसर आता. पण नाही बुडालास तर जिवंत तरी राहशील. बायको घरी राहील.”

“मग त्यात विचार काय करायचा?” कोणीतरी ओरडलं. “राहा की जिवंत!”

“मुखिया नाही तर नाही, बायको नसेल तर म्हातारपणी भाकरी कोण देणार?” आणखी कोणी म्हणालं.

शवितायेलाही ते पटलेलं दिसलं. तो आसनावरून उठला, नदीकडे पाठ केली आणि दोन पायऱ्या चढला. मग थांबला. समोर लपखी होती. मान ताठ, खाटेच्या ओझ्याने, डोळे जमिनीकडे.

“लपखी,” तो म्हणाला.

ती हलली नाही. गावात लपखी नावाच्या आणखी दोघी होत्या, त्या दोघींनी वळून पाहिलं. त्या आवाजात स्वतःचं नाव ऐकायची हिला सवयच नव्हती.

“वळली नाही,” आजोबा माझ्या कानाशी कुजबुजले. “ही पण गेली की काय?”

“लपखी. तुलाच म्हणतोय.”

आता तिने वर पाहिलं.

“तुला यायचंय का परत?”

“विचारताय की सांगताय?”

“विचारतोय.”

“मग नाही,” ती म्हणाली.

निकेफोरच्या पोटावर नदीचं पाणी आपटत होतं. तो मला खुणेने विचारत होता, काय चाललंय? मी म्हणालो, तो आपल्या पापांचा विचार करतोय. त्या दिवशीचं माझं सगळ्यात अचूक भाषांतर ते होतं.

शवितायेने डोक्यावरचा मुखियाचा पट्टा काढून बेकेमेच्या हातात दिला. न बोलता पायऱ्या उतरला, पाण्यात शिरला आणि निकेफोरपुढे जाऊन उभा राहिला. मी ओरडून म्हणालो, “दाजी, विचार करा!” तो म्हणाला, “तू तुझं काम कर.” तीनदा बुडाला. पांढरं नेसला. निकेफोर ओरडला, मी ओरडलो, “आज जुना माणूस मेला! याचं नाव योआन्नेस!”

बायकांनी रडणं काढलं, पण दुसरी खेप असल्याने त्यात जोर नव्हता. लपखीने खाट खाली ठेवली, नवा पेला पायरीवर आपटला. तो कोरा असल्याने फुटायला दोनदा आपटावा लागला.

बेकेमे आसनावर बसला आणि त्याने गावाकडे पाहून मान डोलावली.

“हा नवा मुखिया?” कारभाऱ्याने विचारलं. “मग चल. तूही पाण्यात ये.”

बेकेमेचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला भाचा होता, चांगला धट्टाकट्टा, आणि तो त्याच क्षणी गर्दीतून पुढे सरकून, डोळ्याला उपरणं लावायच्या तयारीत उभा राहिला. बेकेमेने पंचांकडे असं पाहिलं की दगडालाही पाझर फुटावा. आणि पंच काही दगड नव्हते. बेकेमेने मुखिया होताच त्यांना पहिला पाट सोडला होता.

आजोबा खाकरले. म्हणाले, रीत खूप जुनी आहे आणि नीट आठवली तर मेलेल्याला आपण चारदा बुडवतो. आपले पूर्वज चारदाच बुडवायचे. मध्ये कोणीतरी आळस केला. तीनदा बुडवणं म्हणजे नुसतं न्हाणं. गावाला हे एकदम आठवलं. बेकेमे तीनदा न्हाला आणि ठणठणीत बाहेर आला. त्याच्यामागे सगळं गाव न्हालं, मीसुद्धा. निकेफोर राजाला लिहिणार होता की या गावाने एका दिवसात सत्य ओळखलं. ते कोणतं, हे त्याने मला विचारलं नाही.

“अहो दाजी!” मी शवितायेला गाठलं. “ऐकलंत का? तीनदा म्हणजे न्हाणं! म्हणजे तुम्हीही जिवंत. पंचांपुढे चला, लगेच निकाल होईल.”

तो ओल्या कपड्यांनी रहाटाच्या वाटेला लागला होता.

“नको,” तो म्हणाला. “माझ्या वेळी तीनच होते. मी मेलो तोच बरा.”

चाळीस दिवस तो बैलाशेजारी राहिला. डाळ जात राहिली. एक्केचाळिसाव्या सकाळी मी दारात जाळं विणत बसलो होतो, तेव्हा तो खजुराची टोपली घेऊन आला. मागणी घालायला येणारा पुरुष बसतो तसा उंबरठ्याच्या बाहेर मातीत बसला. साठीचा माणूस, पांढऱ्या कपड्याला बैलाचं शेण लागलेलं. मी हसू दाबलं. आई आतून खोकली.

“कोण आहे?” लपखीने आतूनच विचारलं.

“योआन्नेस.”

“कुठला?”

तो विचारात पडला. “नदीतला,” म्हणाला.

बराच वेळ आतून फक्त मागाचा आवाज येत राहिला. माझ्या जाळ्याचे वीसेक फास झाले असतील. तो टोपलीतल्या खजुरांवरच्या माश्या उडवत बसला होता, उठायचं नाव नाही.

“बसा मग,” ती शेवटी म्हणाली. “डाळ शिजतेय. मीठ कमी पडलं तर तोंडाने सांगायचं. आधीचा कधी सांगत नसे.”